तांबडीचा हिवाळा

कुवेतमधल्या हवल्लीत हिवाळा आधी कानांना कळतो. एप्रिलपासून घरात घुमत असलेला एसी नोव्हेंबर सरता सरता एखाद्या सकाळी बंद करायचा, की एवढी शांतता होते की फ्रीज आवाज करतो हे नव्याने समजतं. मग खिडकी उघडायची. खालच्या बेकरीतल्या गरम खुब्ज रोट्यांचा वास वर येतो, शाळेच्या बसचे हॉर्न येतात, समोरच्या गच्चीवर कुणीतरी सतरंज्या झटकत असतं. या वर्षी ती सकाळ परवा आली. मी खिडकीबाहेर हात काढून हवा पाहिली आणि ऑफिसला निघण्याआधी हमीदभाईंना फोन लावला.

"जव पाहिजेत," मी म्हटलं.

"तुझा फोन येणार ते म्हाईत होतं मला, बाय," ते म्हणाले. "गोणी कालच आणून ठेवलीय."

हमीदभाई मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मसाल्यांचं आणि धान्याचं दुकान आहे. जव ते माणसांसाठी ठेवत नाहीत. इथे जव हे मेंढ्यांचं खाणं. थंडी पडली की लोक वाळवंटात तंबू ठोकतात, जनावरं बाहेर नेतात, आणि गुरांच्या बाजारात जवाच्या गोण्यांचे ढीग लागतात. त्यातली एक गोणी माझ्यासाठी येते. मी मेंढ्या पाळत नाही. मिरकाबला एका कंपनीत अकाउंट्स बघते, तीन खोल्यांच्या घरात एकटी राहते. तरी दर हिवाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात परातीत जव पसरलेले असतात, त्यांच्यावर ओला पंचा असतो. याची सुरुवात दोन वर्षांपूर्वी बाबा इथे आले तेव्हा झाली.

बाबा बिअरच्या कारखान्यात केमिस्ट होते. मराठवाड्यातल्या आमच्या शहराबाहेर, एमआयडीसीत, तीस वर्षं. लहानपणी मला ते सांगायची लाज वाटे. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला की मी "फूड कंपनी" म्हणायचे. आई तर 'बिअर' हा शब्दही घरात येऊ देत नसे. बाबांनी तिथे स्वतः बसवलेली एक बिअर होती, अस्सल तांबूस, घासलेल्या तांब्याच्या भांड्याच्या रंगाची. बाटलीवर तिचं इंग्रजी नाव काहीतरी भारदस्त होतं. आई तिला 'तांबडी' म्हणायची. "तुमच्या तांबडीचं झालं का आज?" असं ती विचारायची, जसं दुसऱ्या घरात म्हशीबद्दल विचारतील. बाबा हसून हो म्हणायचे. त्यांनी एकही बाटली कधी घरी आणली नाही.

मी ती पहिल्यांदा चाखली सव्विसाव्या वर्षी. पुण्यात नोकरीला लागले होते, बाबा भेटायला आले होते. जेवायला गेलो तिथे त्यांनी एक बाटली आणि दोन ग्लास मागवले. मी चकित होऊन बघत राहिले. ते एवढंच म्हणाले, "आधी वास घे. मग पी." मी वास न घेताच प्यायले. तरीही आवडली. आधी भाजलेल्या साखरेची गोडी, मग सावकाश येणारं कडू, आणि घोट गेल्यावर जिभेवर राहणारा खरपूसपणा. पुढे पुण्यात असेपर्यंत मी तीच पीत आले. मग कंपनीने ती बंद केली. बाबा निवृत्त झाले, मी कुवेतला आले. इथे तर तो विषयच संपला, कारण इथे दारू नाही. ती विकत मिळत नाही, आणि घरी केली तर थेट तुरुंग, नाहीतर परतीचं विमान.

आई गेली त्याच पावसाळ्यात बाबांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण त्यांची वासाची जाणीव गेली ती गेलीच. आम्हाला ते नीट कळलं दोन महिन्यांनी. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, शेगडी तशीच चालू, आणि बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. शेजारच्या कुलकर्णी काकू काही द्यायला आल्या म्हणून वाचले. त्यांनी मला फोन केला. "शुभा, बाबांना एकटं ठेवू नकोस आता," त्या म्हणाल्या. मी एकुलती एक. पंधरा दिवसांत कागदपत्रं करून मी बाबांना व्हिजिट व्हिसावर इथे आणलं.

विमानतळावर मी त्यांना आधी ओळखलंच नाही. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. घरी मी वरणभात केला, साजूक तूप घातलं, लिंबू पिळलं. त्यांनी चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"आवडलं नाही?"

"आवडण्याचा प्रश्न नाही गं. सगळं सारखंच लागायलंय. पांढरं."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. इथल्या डॉक्टरांनी तपासलं. नाकात दोष नाही, म्हणाले, वासाची वाट पुन्हा जागी करावी लागेल. रोज दोन वेळा त्याच चार वस्तू हुंगायच्या, लक्ष देऊन, महिनोन्महिने. कदाचित येईल, कदाचित नाही. मी लवंग, लिंबाची साल, गुलाबपाणी आणि निलगिरीचं तेल चार डब्यांत भरून ठेवलं. बाबांनी आठवडाभर हुंगलं. आठव्या दिवशी डबे बाजूला सारले.

"मी तीस वर्षं माल्ट हुंगून पास-नापास केलंय," ते म्हणाले. "आणि आता लवंग हुंगत बसू? बालवाडीत बसवलंस तू मला."

"मग माल्ट हुंगा," मी म्हटलं.

"कुठून आणणार?"

"करू आपण. इथेच करू. तांबडी करू."

हे मी चिडून बोलले होते. पण बोलून झाल्यावर मला ते खरंच करावंसं वाटलं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. लगेच मी अटही घातली. यीस्ट घालायचं नाही. फसफसवायचं नाही. रंग, वास, कडूपणा, फेस सगळं तांबडीचं, फक्त दारू नाही. "मग तो काढा होईल," बाबा म्हणाले. मी म्हटलं, होऊ दे काढा.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, म्हणून दुसऱ्या दिवशी मी सुपरमार्केटातून जवाची पाकिटं आणली. पांढरेशुभ्र, गोल दाणे. बाबांनी एक दाणा चिमटीत धरून बघितला. "ह्याला मोड येणार? पॉलिश करून ह्याचं नाकच कापलंय," ते म्हणाले. तरी मी भिजत घातले, कारण मटकीला मोड आणण्यात मी कधी चुकलेली नाही. तिसऱ्या दिवशी परातीतून आंबूस चिखल निघाला.

सालीसकट जव हवे होते. म्हणून मी हमीदभाईंच्या दुकानात गेले. मेंढ्यांचे जव आणून देईन, ते म्हणाले, आणि मग सहज विचारलं की कशाला. खोटं बोलता आलं असतं. मी सगळं सांगितलं, बाबांचा कारखाना, त्यांचा वास, तांबडी. हमीदभाईंनी तराजूचं पारडं पुसून ठेवलं.

"बाय, तुझ्या बापासाठी जीव तुटतो तो मला समजतो," ते म्हणाले. "पण माझ्या हातून दिलेल्या दाण्याची दारू झाली तर मला ते चालायचं नाय."

"होणार नाही. माझा शब्द."

"शब्द दिलास ना? मग झालं."

गोणी त्यांनी स्वतः गाडीत घालून आणली आणि जिन्याने वर चढवली. बाबांना भेटले, "चाचा, सलाम" म्हणाले, चहा घेतला. बाबांनी गोणीत हात खुपसला, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या.

मग आमच्या घरात बाबांचा कारखाना सुरू झाला. जव आठ तास पाण्यात, आठ तास पाण्याबाहेर, पुन्हा पाण्यात. "त्याला श्वास लागतो," बाबा म्हणायचे, "बुडवून ठेवलंस तर मरेल." दोन दिवसांनी परातीत पसरून वर ओला पंचा. खिडकी उघडी, कारण थंड हवा हवी, आणि हिवाळ्यात ती इथे फुकट मिळते. दर सहा तासांनी दाणे हाताने खालवर करायचे. मी ऑफिसात असताना बाबा करत, आणि मला मिरकाबला फोन येई. मीटिंगमध्ये असले तरी मी तो घेई. "पांढरी टोकं दिसायलीत," बाबा सांगत, आणि मी समोरच्या माणसांची क्षमा मागून बाहेर जाई.

संध्याकाळी घरी आले की माझी परीक्षा असे.

"वास घे आणि सांग."

"गोडसर आहे."

"गोड ही चव आहे, वास नाही. नीट सांग."

मला सांगता येत नसे. चाळीस वर्षं मी नाक फक्त सर्दी होण्यासाठी वापरलं होतं. डोळे मिटून परातीवर वाकायचे. ओली माती? नाही. ओलं गोणपाट? थोडंसं. एक दिवस मात्र अगदी स्पष्ट काहीतरी आलं, ओळखीचं, पण जवाशी काही संबंध नसलेलं. मला बोलायलाही संकोच वाटला.

"बाबा, काकडी. नुकती चिरलेली काकडी."

बाबांनी टेबलावर थाप मारली. "बरोबर. पाचवा दिवस. आज थांबवायचं."

मग त्यांनी स्वतः खाली वाकून हुंगलं. बराच वेळ वाकून राहिले. वर आले तेव्हा नकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, "मी हुंगते ना. तुम्ही विचारा, मी सांगते." असं ठरलं. नाक माझं, डोकं त्यांचं.

मोड आलेले जव ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवले, मुळं चोळून काढली. एक भाग ओला असतानाच भाजला, त्याने रंग येतो. बाबा दाणा दातांनी फोडत आणि आतला रंग दाखवत. मी वास सांगत असे. मारी बिस्किट. भाकरीचा पापुद्रा. कढवलेलं लोणी, पण खालची बेरी. बाबा एका वहीत मी सांगितलेला प्रत्येक शब्द लिहून घेत, वेळ आणि तापमान शेजारी. लहानपणी कारखान्यातून आले की त्यांच्या कपड्यांना येणाऱ्या वासाने मी नाक मुरडायचे. आता त्याच वासाला नावं शोधत मी परातभर दाण्यांवर ओणवी झाले होते.

जव मिक्सरमधून भरड काढायचे, गरम पाण्यात तासभर ठेवायचे, गाळायचे, उकळायचे. कडूपणासाठी जे फूल लागतं ते इथे मिळालं नाही. त्याऐवजी हमीदभाईंनी काडेचिराईत दिलं, आणि लूमी, म्हणजे इथलं वाळवून काळं केलेलं लिंबू. पहिली खेप इतकी गोड झाली की ओठ चिकटले. दुसऱ्या खेपेला चिराईत जास्त पडलं आणि दोन दिवस मला पाणीही कडू लागलं. तिसरी खेपही गोडच. बाबा चिडचिडे झाले. यीस्ट साखर खातं म्हणून बिअर गोड लागत नाही, हे त्यांनी मला तिसऱ्यांदा समजावलं.

त्यानंतरच्या मंगळवारी मी लवकर घरी आले. ओट्याच्या कोपऱ्यात, पंच्याखाली झाकलेली एक बरणी दिसली. पंचा उचलला. वर फेस होता, आणि तळातून बुडबुडे रांगेने वर येत होते. शेजारी पावाच्या यीस्टचं फोडलेलं पाकीट. बाबा दारात उभे होते.

"एवढीशीच आहे," ते म्हणाले. "एक बरणी. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

"शुभा, एकदा. मला बघू दे, जमतंय का अजून."

मी बरणी उचलली आणि सिंकमध्ये ओतली. नळ पूर्ण सोडला. सगळं वाहून गेलं तेव्हा बाबा म्हणाले, "तुला तेव्हाही लाज वाटायची माझ्या कामाची. आजही वाटायलीये."

मी नळ बंद केला. "तेव्हा वाटायची," मी म्हटलं. "खरं आहे. आता लाज नाही वाटत, बाबा. भीती वाटते. माझा इथे राहायचा इकामा गेला तर तुम्हाला घेऊन मी कुठे जाऊ? आणि मी त्या माणसाला शब्द दिलाय. त्याने तुमच्यासाठी गोणी पाठीवर आणली."

दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. मी डबा भरून ऑफिसला जात होते, येत होते. गोणी अर्ध्यावर होती. ती परत द्यावी असं एकदा मनात आलं, पण दिली नाही. दररोजचे जव मी स्वतः खालवर करत राहिले, त्यांनी विचारो न विचारो. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बाबा वही घेऊन आले.

"थर्मामीटर आहे का घरात? तापाचा नको, स्वयंपाकाचा."

"आणते."

"पाणी आपण अंदाजाने पासष्टला ठेवत होतो. त्याने साखर जास्त सुटते. कारखान्यात तेच लागायचं, कारण पुढे यीस्ट होतं. आपल्याकडे यीस्ट नाही, म्हणजे साखर मुळात कमी सुटायला पाहिजे. पाऊणशेच्या जवळ नेऊ. गोडी कमी होईल, अंग राहील." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काढाच करायचा तर नीट करू."

ती माफी होती की हट्ट, मी विचारलं नाही. संध्याकाळी थर्मामीटर घेऊन आले.

पाचवी खेप जमली. घट्ट काढून, गार करून, वरून थंडगार सोडा. शुक्रवारी नमाजानंतर हमीदभाईंना बोलावलं. बाबांनी काचेचे तीन ग्लास खिडकीत उजेडाला धरले. रंग अचूक होता, त्यात मला तिळभर शंका नव्हती. हमीदभाईंनी ग्लास हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी आधी वास घेतला, न सांगता.

"आमच्या घरी तांदूळ भाजतात ना गो, घावनांच्या आधी, तसा वास हाय," ते म्हणाले. मग प्यायले. मिशीवरचा फेस पुसून त्यांनी ग्लास पुढे केला. "चाचा, अजून हाय काय?"

बाबांनी घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. वास त्यांना येत नव्हता, पण कडू आणि गोड जिभेला कळत होतं. "कडू बरोबर मागून येतंय," ते म्हणाले. आणखी एक घोट घेऊन पुन्हा म्हणाले, "मागूनच यायला पाहिजे."

मी प्यायले. ती तांबडी नव्हती. चिराईताचा कडूपणा जास्त कोरडा होता, लूमीने एक आंबट वळण दिलं होतं, आणि डोक्याला चढायचं काही नव्हतंच. पण भाजल्याचा तो खरपूसपणा घोट गेल्यावर जिभेवर थांबला तेव्हा मला ग्लास खाली ठेवावा लागला. पुण्यातल्या त्या जेवणात मी वास न घेता जे गटकन प्यायले होते, ते काय होतं हे मला पंधरा वर्षांनी समजत होतं.

आज बाबा त्यांच्याच घरी राहतात. लवंगेचा वास त्यांना येतो, कॉफी येते, कधी कधी पावसाआधीची माती येते. गुलाब येत नाही, तूप येत नाही. कधी दोन आठवडे काहीच येत नाही. ते रोज सकाळी डबे हुंगतात आणि वहीत लिहितात, आलं किंवा नाही आलं. जेवतात. स्वयंपाकघरात गॅसचा भोंगा बसवून घेतलाय, आणि तो नीट वाजतो का हे दर रविवारी कुलकर्णी काकू तपासतात. मी त्यांना कायमचं इकडे आणू शकले नाही. ते येतही नव्हते. एकटं राहायचं हे त्यांनी ठरवलं होतं, आणि परत गेल्यावर ते ज्या नेटाने पुन्हा डबे हुंगू लागले ते त्याचसाठी होतं, हे मला उशिरा कळलं.

त्या हिवाळ्यातला शेवटचा आठवडा मला सगळ्यात जास्त आठवतो. बाबांचं परतीचं तिकीट हातात होतं. शनिवारी दुपारी मी शेवटचे जव ओव्हनमध्ये भाजायला ठेवले होते. ऑफिसचा फोन आला, आणि मी आतल्या खोलीत दार लावून कुठल्याशा अहवालावर बोलत बसले. बाबा हॉलमध्ये आरामखुर्चीत होते. ओव्हन तिकडून दिसत नाही.

दारावर थाप पडली. मी उघडलं.

"शुभा," बाबा म्हणाले, "जळायलंय."

मी धावत गेले. ट्रे काळा पडला होता. धूर अजून ओव्हनच्या बाहेरही आला नव्हता. मी ट्रे ओट्यावर ठेवला, खिडक्या उघडल्या, आणि मग वळून बाबांकडे बघितलं. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, एक हात चौकटीवर, तोंड थोडं उघडं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आला," ते म्हणाले. "एकदम आला. मी उठून उभाच राहिलो."

ते ट्रेजवळ आले आणि काळ्या दाण्यांवर वाकले. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. त्यांनी मान हलवली.

"आता नाही. गेला."

"पण आला होता."

"हो. आला होता." त्यांनी ओट्यावरचा एक जळका दाणा उचलून चिमटीत चुरडला आणि बोटांवरची काजळी बघत राहिले. मग कॅलेंडरकडे वळले. "माझं विमान कधी आहे? मंगळवारी ना?"

"मंगळवारी."

"गोणीत किती उरलेत?"

"शेर-दोन शेर असतील."

"भिजत घाल."

"बाबा, तीन दिवसांत मोड पुरते येत नाहीत. तुम्ही निघून जाल."

"ते मला माहितीये," ते म्हणाले. "तू भिजत घाल. वास मला फोनवर सांग."

मी जळका ट्रे बाजूला ठेवला, मोठं पातेलं काढलं आणि नळाखाली धरलं.